पाणी सोडणे

रात्रपाळीला माझ्यापुढे आख्खा कालवा असतो,
कमरेएवढ्या उंचीच्या मेजावर:
पितळी मुठी, पाण्याची पातळी दाखवणारे काटे,
बोटाएवढ्या साखळ्या, बाहेरच्या खऱ्या साखळीबरोबर
उठणाऱ्या, निजणाऱ्या.
मेजाच्या पोटात पोलादी पट्ट्यांचं जाळं आहे.
क्रम चुकवून एक मूठ फिरवून बघा.
फिरणार नाही.
ज्याने हे घडवलं त्याचा माणसावर विश्वास नव्हता.
बरोबर होतं त्याचं.

आता काम पडद्यावर चालतं.
मेज मात्र कुणी हलवलं नाही, मी त्यावर डबा ठेवते.

पणजोबा कथबर्ट गिटन्स बार्बाडोसहून उतरला
तेव्हा हातात पितळेचा बिल्ला पडला, आकडा कोरलेला.
नाव सांगायला खिडकी नव्हती.
पगाराच्या खिडक्या दोन: सोन्याची, चांदीची.
सोन्याच्या खिडकीशी गोरे, सावलीत.
चांदीच्या रांगेला नळही वेगळा, दवाखानाही,
मेल्यावर टेकडीची बाजूसुद्धा.
गावाकडे लोक म्हणत, कथबर्टची चांदी झाली.
झालीच होती.

कुलेब्राच्या खिंडीत दिवसा उपसलेलं
डोंगर रात्री परत आणून टाकायचा.
एका सुरुंगाने त्याचा डावा कान नेला.
मग घरात वाईट बातमी सांगायची असली
की सांगणारा त्याच्या डावीकडे बसे.

पणजी ओटिलिया आओर्का लागार्तोची.
गावाच्या नावाचा अर्थ: मगरीला फाशी द्या.
मगरी वाचल्या.
धरण झालं, चाग्रेस नदी चढत चढत आली
आणि थांबली तिथे तिला तळं म्हणू लागले.
भरपाईच्या कागदावर अकरा केळी, एक खुराडं,
नीरफणस एक, फळ न धरलेला.
धरलं होतं फळ,
ओटिलिया मरेपर्यंत सांगायची,
चार होते, बाळाच्या डोक्याएवढे.

त्याच्याही आधी दूरच्या एका शहरात सही झाली होती.
सही करणारा इथला नव्हता.
ज्यांचा देश, ते अजून वाटेत होते.
ते पोचेतो देशाने पोटातल्या पट्टीवर
पाणी सोडलं होतं,
कायमचं. शब्द करारातलाच.

चौसष्ट साली आई शाळेत होती.
पोरं झेंडा घेऊन कुंपणाकडे गेली, तीही गेली.
झेंडा फाटला. तिच्या गुडघ्यात काच राहिली.
नव्व्याण्णवच्या शेवटच्या दिवशी, भर दुपारी बारा वाजता,
तो वर चढला तेव्हा सगळे रडले,
आई गुडघा चोळत बसली.
‘कायमचं’ शहाण्णव वर्षं टिकलं.

ज्याच्या हाती ससा तो पारधी.
ससा आता आमच्या हाती.

एक जहाज या समुद्रातून त्या समुद्रात न्यायचं
तर वीस कोटी लिटर गोडं पाणी
खाऱ्यात सोडावं लागतं. एकाच जहाजाला.
मागच्या कोरड्या साली तळं इतकं उतरलं
की शंभर वर्षं मेलेली झाडं
कमरेपर्यंत उभी राहिली.
मी होडी घेऊन गेले, नीरफणस शोधायला.
ओळखणार कसा?
सगळे खुंट एकाच रंगाचे होते.

तर आता दुसरी नदी हवी. रिओ इंडिओ.
तिथे माझी चुलत बहीण डोमिटिला.
परवा तिचा फोन: माणसं आली होती,
आपलीच भाषा, गळ्यात बिल्ले,
शर्ट अगदी तुझ्यासारखा.
कॉफीची झाडं मोजली, डुकरं मोजली,
दाराच्या चौकटीवर पांढरा आकडा टाकला,
लिंबापाशी थांबून विचारलं,
बाई, हा फळ धरतो का?

मी फोन डाव्या कानाला लावला होता.

दोन चाळीस. लायबेरियाच्या निशाणाचं जहाज
दारापाशी येऊन उभं आहे.
पडद्यावर चौकोन उघडतो: पाणी सोडायचं?

माउसखाली पोलादी पट्ट्या नाहीत.
कुठेच काही अडत नाही.