किनार

नवा टायर मीच बसवला.
कन्ना चौकातला दुकानदार म्हणाला होता,
ठेवून जावा, संध्याकाळी न्या.
पण पन्नाशीच्या माणसाला अधूनमधून
एखादं काम स्वतःच करावंसं वाटतं.
स्वयंपाकघरातले दोन चमचे घेतले.
त्यातला एक वाकला,
तो अजून ज्वारीच्या डब्यामागे आहे.

सायकल अंगणात उलटी केली
आणि चाक फिरवलं.

जाड खाचांचा काळा टायर,
डोंगर चढायचा, असं त्याच्या पाकिटावर लिहिलेलं
(सोलापुरात डोंगर कुठला, ते पाकिटाला काय माहीत),
दर फेऱ्याला एका जागी येऊन
झोपेत कूस बदलल्यासारखा
डुलायचा.

माणूस आधी मोठ्या गोष्टीवर संशय घेतो.
मी म्हटलं, रिमच वाकडी.
चावी आणली, तारा आवळल्या,
इकडे अर्धा आटा, तिकडे पाव,
दोन सैल, एक घट्ट,
सगळं अंदाजानं,
शाळेत पेपर तपासतो तसं.
मे महिन्याचं ऊन भिंतीवरून उतरून
माझ्या मानेवर येऊन बसलं.
चाक आधी एका जागी डुलत होतं,
आता दोन.

"काय करायलाव सर, चाकाचं ऑपरेशन?"
वरच्या खोलीतली नरसव्वा गाजुल,
एकतीस वर्षं टॉवेलच्या कारखान्यात चेकिंगला.
हजारातून एक सुटलेला धागा
तिच्या नजरेला अडखळायचा.
आता मोतीबिंदूचं एक ऑपरेशन झालेलं, एक राहिलेलं.
ती खाली आली, उकिडवी बसली,
खराट्याचा एक हीर मोडून घेतला
आणि फ्रेमला टेकवून रिमजवळ धरला.
"फिरवा."
मी फिरवलं.
"हळू. लग्नाची वरात नाही."
मग हीर टायरजवळ नेला.
"रिम जरा नाचायलीय, ते तुम्ही केलाव.
टायर लई नाचायलाय, ते आधीचं."

मग तिनं अंगठा फिरवला
टायरच्या कडेनं जाणाऱ्या एका बारीक रेघेवरून.
ती रेघ मी पाहिलीच नव्हती.
"ही किनार. सगळीकडं सारखी दिसाय पाहिजे.
हितं बघा, बुडालीय आत.
टायर अजून रिमवर बसलाच नाही,
नुसता टेकलाय.
नव्या सुनंवानी."

हवा सोडली.
वाटीत भांड्याचा साबण कालवला,
जुन्या टूथब्रशनं दोन्ही कडा भिजवल्या.
ट्यूब कुठं चिमटली नाही ना, तिनं बोटानं पाहिलं.
बुडालेला भाग मी दोन्ही हातांनी ओढला, चेपला,
भाकरीचं पीठ मळल्यासारखा.
पुन्हा पंप.

मागच्या गल्लीत लूम चालू होते,
खट्याक-खट्याक, खट्याक-खट्याक,
आणि माझा हात आपोआप त्या तालावर.
"टायरवर आकडा लिहिलाय, त्याच्या पुढं जाऊ नका,"
म्हणत ती दोन पावलं मागं सरकली.
काही होईना.
अजून चार दणके.
काही होईना.
मी थांबणार, तेवढ्यात

टप्.

आणि थोड्या वेळानं, पलीकडून,
टप्.

साबणाचा एक बुडबुडा कडेवर राहिला होता, तो फुटला.
रेघ वर आली,
पूर्ण गोल, सारख्या अंतरानं,
घडी घालायला तयार टॉवेलच्या काठासारखी.
नरसव्वानं साडीला हात पुसले,
"पास," म्हणाली,
आणि जिना चढताना गुडघ्याला तेलुगूत शिवी दिली.

चमच्याचं तिला सांगणार होतो, राहिलं.

पहाटे तुळजापूर रोडला लागलो,
हिप्परग्याच्या तळ्याकडं.
टायर सरळ.
फक्त दर फेऱ्याला एकदा
रिम ब्रेकच्या रबराला घासायची,
चिक्.
ते माझं. ते तारांचं. ते कुणी काढायला सांगितलं नव्हतं.
दुकानात नेलं तर पाच मिनिटांचं काम आहे.

चिक्.
मोजत गेलो.
चारशेच्या पुढं कुठंतरी
तळ्यावरचे बगळे दिसले
आणि आकडा सुटला.