कोपर

पी.ई.चे सर निवडणुकीच्या ड्यूटीवर,
म्हणून मी. व्याकरणाचा मास्तर,
लोणच्याची बरणीसुद्धा
बायकोकडून उघडून घेणारा.
पेडण्याच्या हायस्कुलात, तालुका पातळी,
सतरा वर्षांखालील मुली, पंजा लढवणे.

टेबल लॅबमधलं, ॲसिडने डागाळलेलं.
कोपरांखाली हेडबाईंच्या खुर्चीची उशी
मधोमध कापून, दोन करून.
त्यांना अजून कुणी सांगितलेलं नाही.

नियम मी आदल्या रात्री पाठ केले,
संधीचे करायचो तसे:
मनगट सरळ, खांदे समोरासमोर,
कोपर उचललं की फाऊल,
दोन फाऊल, की हार.

फायनलला आगरवाड्याची मंजिता नागवेकर,
बापासोबत मिठागरात फळी ओढणारी,
तळव्याच्या भेगांत
कधीच न धुतली जाणारी पांढरी रेघ.
आणि मांद्र्याची आग्नेला रॉड्रिग्ज, पदेराची,
पहाटे तीनला पीठ मळून
शाळेच्या प्रार्थनेत उभ्याउभ्या झोपणारी.
आमच्या वाड्यावर पाव त्यांचाच.

दोघींच्या मुठींवर मी दोन्ही हात ठेवले.
हे कुठल्याच नियमात लिहिलेलं नव्हतं,
की पंचाला आधी ऐकू येतं, मग दिसतं:
दोन नाड्या, एकीचं मात्रावृत्त,
दुसरीचा यतिभंग,
आणि खाली कुठेतरी माझी,
दोघींपेक्षा जोरात.

सुरू म्हणालो, आणि घामाने हात सुटले.
पट्टा बांधायला हवा. पट्टा नव्हता.
आठवीतल्या कुणीतरी
वेणीची लाल रिबन काढून दिली.
तीन वेढे घातले, गाठ बसेना,
शेवटी आग्नेलानेच दातांनी ओढली.

मग काहीच झालं नाही.
कितीतरी वेळ काहीच झालं नाही.
लांबून बघणाऱ्याला वाटावं,
दोघी नुसत्या हात धरून बसल्यात.
मांद्र्याची पोरं डबे बडवत होती.
आगरवाड्याची मोजून सात,
मासळीच्या टेम्पोतून आलेली,
ओरडायचंही विसरली होती.

मंजिताची मूठ मागे, मागे,
उशीपासून चार बोटं.
तिने डोळे मिटले.
खांद्यातून काहीतरी वर आलं
आणि त्याच्याबरोबर कोपर.
शिसपेन्सिलीच्या टोकाएवढा उजेड
मला दिसला, उशी आणि हाडाच्या मधे.

तोंड उघडलं होतं मी.
तीन अक्षरं.
पोरांचा एक ऱ्हस्व-दीर्घ न सोडणारा मी,
लाल पेनची पंचवीस वर्षं,
मला ती तीन अक्षरं म्हणता आली नाहीत.
त्या सात पोरांमुळे असेल.
आपल्या गावाची बाजू घेतो असं कुणी म्हणेल,
त्या भीतीने असेल.
खरं कारण मला अजून सापडलेलं नाही.

तोवर आग्नेलाची मूठ टेबलाला लागली.
विजेतीचा हात मी वर केला.
रिबन सोडायची राहिली होती,
त्यामुळे हरलेलीचाही वर गेला.
सगळे हसले. फोटोत दोघी जिंकलेल्या,
आणि मी मधे, कुठे बघावं ते न कळलेला.

दुसऱ्या दिवशी दारात सायकलचा भोंगा.
बापाला ताप, म्हणून तीच.
दोन उंडे, चार पोळ्या,
कागदात गरम.
सुटे मोजता मोजता, वर न बघता म्हणाली,
"सर, तिचें कोपर वयर गेल्लें न्ही?"

"हय."

एवढंच. तिने नाणी माझ्या तळव्यावर ठेवली,
बोटं एकेक करून मिटली,
आणि मूठ क्षणभर तशीच दाबून धरली,
जरा जास्तच.
माझा हात खाली गेला.
मी अडवला नाही.

"फाल्यां कितले?"
"तितलेच."

भोंगा वाजवत ती उतारावरून गेली.
पाच रुपयांच्या नाण्याची कड
तिसऱ्या तासापर्यंत तळव्यावर होती,
फळ्यावर विभक्ती लिहिताना
खडू नीट धरू देत नव्हती.