फुगा

आधी फुगा घे, म्हणालो मी घोगरेला.
साबण लाव, वस्तरा चालव.
नाही फुटला, तर माणसाच्या गालाचं बघू.
सोहारच्या बंद दुकानात, रात्री साडेअकराला
सात फुगे फुटले.
शफीकुल आतून ओरडला, झोपू द्या.

बंदराच्या कामावर फिटर म्हणून आला होता.
काम संपलं, व्हिसा उरला,
आणि माझ्या दारात उभा : शिकवा.
आडनाव मी विचारलं नव्हतं, त्यानंच सांगितलं.
मग थांबून : गावी कळू देऊ नका.
नाही देत.
माझ्या बापाची धोकटी असल्याच ओट्यांखाली
उन्हात बसायची, पायलीभर बलुत्यासाठी.

तर शिक.
कातरी अंगठ्यानं चालते, बाकीची बोटं सोबतीला.
मान वाकवायची दोन बोटांनी. ढकलायची नाही.
पातं दर गिऱ्हाईकाला नवं, बलदियावाला कधीही येतो.
खफीफ म्हणजे थोडेच काप.
सिफर म्हटलं तर परत एकदा विचार,
कापलेलं चिकटत नाही.
उठताना नईमन म्हण, तो दुवा देईल, ती घे.
टिप समोर मोजू नकोस.
आणि गुरुवारी रात्री पाय सुजतात,
हे कुणी सांगत नाही.

आईला फोनवर म्हणायचा, कंपनीत आहे, एसीत.
एसी खरा होता.

चैत्रात माझा बाप गेला.
पासपोर्ट अरबाबकडे, अरबाब सलालाला.
मयताच्या घरी बिनबोलता किती डोया केल्या या हातांनी,
आपली आपल्याला करता येत नाही.
शटर अर्धं ओढलं. खुर्चीत बसलो,
सतरा वर्षांत पहिल्यांदा, त्या बाजूनं.
घोगरेनं पाणी लावलं.
दोन बोटांनी मान वाकवली.
केस मांडीवर पडत गेले,
वाटलं होतं त्याहून पांढरे.
रक्ताचा थेंब नाही.

नईमन त्याच्या ओठांवर आलं, सवयीनं.
गिळलं त्यानं. झाडू घेतला.
राहू दे, म्हणालो, मी झाडतो.
तो झाडत राहिला.

तेवढ्यात त्याचा फोन. हात भरलेले म्हणून स्पीकरवर.
काय करतोयस रे?
त्यानं माझ्याकडे पाहिलं, आरशातून.
डोई केली एकाची, म्हणाला.
वडील गेले त्यांचे.

पलीकडं बराच वेळ
पंख्याची घरघर.
मग : नीट केलीस ना?