माहेरचा रकाना

रुग्णालयाच्या तळघरात माझं टेबल.
समोर एस्किशेहिर प्रांताचा नकाशा,
बिस्किटांच्या डब्यात लाल डोक्याच्या टाचण्या.
फुप्फुसाच्या आवरणाचा कर्करोग.
एक माणूस, एक टाचणी.

दक्षिणेला डोंगराखाली टाचण्यांची दाटी,
ते समजत होतं.
तिथली माती पांढरी, रेशमासारखी मऊ.
भिंतींना तीच, चुलीला तीच,
तव्यावर शेकून, वस्त्रगाळ करून
तान्ह्याच्या मांड्यांनाही तीच.
आणि खरंच, तिथल्या मुलांना
पुरळ उठत नसे.

समजत नव्हत्या त्या सुट्या टाचण्या.
साखर कारखान्याच्या वसाहतीत एक,
रेल्वेच्या गोदामामागं एक,
आणि एक तर नकाशातच मावेना,
डुइसबुर्गहून आलेली फाइल.
ती मी भिंतीतच टोचली, दिव्याच्या बटणाशेजारी.

अपवाद असायचेच, म्हणाले डॉक्टर नेवझात.

मग दोन्दू आल्या.
दोन्दू म्हणजे ‘वळली’.
मुलीमागून मुलगी झाली की ठेवतात हे नाव,
पुढच्या खेपेला तरी दैवानं वळावं म्हणून.
पत्ता, कारखान्यामागची तिसरी गल्ली. पंचेचाळीस वर्षं.
श्वास आत येत नाही, म्हणाल्या,
उंबऱ्यातूनच परततो,
रुसलेल्या पाहुण्यासारखा.

मी लिहीत होते.
माझ्या पेन्सिलीकडे बघत म्हणाल्या,
तुम्ही सगळे घर विचारता.
माहेर कुणी विचारत नाही.

अर्जात तो रकाना नव्हता.
पट्टी घेतली, एक रेघ मारली.

त्या संध्याकाळी फोन लावत बसले.
शेरिफे. मुकद्देस.
डुइसबुर्गच्या हानिफेचा फोन मुलानं उचलला.
आई मार्चमध्ये गेली, म्हणाला.
तिचं गाव? थांबा हं, मावशीला विचारतो.
तो विचारून येईपर्यंत
मला ठाऊक झालं होतं.

सगळ्या त्याच डोंगराखालून निघालेल्या,
सोळा-सतराव्या वर्षी,
एक पत्र्याची पेटी, दोन गाद्या,
आणि छातीत ते आंदण,
जे सासरी कुणी मोजून घेतलं नाही.

टाचण्या उपसून मी डोंगराखाली नेल्या.
भिंतीतली भोकं तशीच राहिली.

पुढच्या तपासणीला दोन्दूंनी
पदराआडून कापडी पिशवी काढली.
बहिणीनं पाठवलीय, नातीसाठी.
लावू का नको?

पिशवी माझ्या खणात आहे, कुलपात.
कुठं टाकायची ते कुणी सांगितलेलं नाही.
खण ओढताना मी
आता श्वास धरते.