नऊ नंबरची घंटी

सरवटे बस स्टँडच्या मागल्या गल्लीत
हॉटेल नवरतन अर्धंच उरलंय.
रस्ता रुंद व्हायचा होता. पालिकेचा माणूस आला,
भिंतीवर लाल रेघ मारून गेला.
रेघेपलीकडे चार खोल्या : नऊ ते बारा.
सात दिवसांची नोटीस, आठव्या दिवशी पिवळं मशीन.
वरचा कॉरिडॉर आता जिथे संपतो
तिथे दार आहे, दाराला कडी आहे,
आणि कडीपलीकडे हवा.
खाली ई-रिक्षा उभ्या असतात.

काउंटरवर, माझ्या डोक्यामागे, जुना बोर्ड आहे,
लाकडी, बारा झडपांचा.
वर कोणी बटण दाबलं की घंटी होते
आणि त्या खोलीची झडप पडते.
एकदा वाजली, चहा एक. दोनदा, चहा दोन.
पोरवाल सेठच्या वडिलांचा नियम.

रात्री अडीचला नऊची झडप पडते.

वायर कापलेली आहे. मी पाहिलीय :
भिंतीतून बोटभर बाहेर, टोकाला काळी पट्टी.

नऊमध्ये खांडव्याचे टेंबे उतरत,
चष्म्याच्या फ्रेमांचे विक्रेते.
सँपलची पेटी, पांढरी पँट, चहात साखर नको.
रजिस्टरात येण्याची वेळ आहे,
जाण्याचा रकाना कोरा.
मलब्यात फ्रेमा निघाल्या, शंभर-सव्वाशे,
सगळ्या बिनकाचेच्या, एकही मोडलेली नाही.
माणूस निघाला नाही.
सेठ म्हणाले, बिल बुडवून पळाला असेल, भिया,
असे पुष्कळ पाहिलेत.

चहा गेंदालाल न्यायचा.
कडी काढायचा, उंबऱ्यावर कप ठेवायचा,
कडी लावून खाली यायचा, बिडी ओढायचा.
सकाळी कप धुतलेला. पालथा.
मी म्हणालो, मांजर पीत असेल.
तो म्हणाला, मांजर बशीत पाच रुपये ठेवत नाही, बाबूजी.

नोव्हेंबरात एका रात्री
त्याची पावलं चढताना ऐकली.
कडी ऐकली.
उतरताना काही ऐकलं नाही.
मग बाहेर रिक्षावाला ओरडला.

गेंदालाल रस्त्यावर बसला होता,
माणूस भिंतीला टेकून बसतो तसा.
मागे भिंत नव्हती.
ट्रे मांडीवर, कप काठोकाठ,
बशीत थेंब नाही.
पंचनाम्यात लिहिलं, तोल जाऊन.
चष्म्याचं कोणी लिहिलं नाही,
कारण मेलेल्या माणसाच्या डोळ्यांवर चष्मा असू शकतो.
पण गेंदालालला चष्मा नव्हता.
आणि त्या चष्म्याला काचा नव्हत्या.

त्याचं तेरावं झालं, त्या रात्री
अडीचला घंटी वाजली.
थांबली.
मग पुन्हा वाजली.

सेठने दार विटांनी बुजवून घेतलं.
गिलावा वाळत नाही. चार महिने झाले,
हात लावला तर पंजा उमटतो,
आणि छातीच्या उंचीला, जिथे ट्रे येईल,
भिंत कोमट लागते.

मी नोकरी सोडणार आहे. मार्चचा पगार झाला की.
मुलगी देवासला आहे, तिने खोलीही रिकामी केलीय.
सकाळी कोपऱ्यावर पोह्यांची वाफ निघते,
जिरावणाचा वास येतो, कचरागाडी गाणं वाजवत फिरते,
शहर इतकं लखलखीत झाडलेलं असतं
की स्वतःचीच लाज वाटते.

पण काल अडीचला दोनदा झाली.
स्टोव्ह पेटवला. काय करणार, नियम.
एक बिनसाखरेचा.
एक गेंदालालचा, आलं ठेचून.
ट्रे उचलला, जिना चढायला लागलो.
सातव्या पायरीवर कपांची किणकिण जास्त वाटली,
म्हणून खाली पाहिलं.

तीन कप.
तिसऱ्यात साखर दीड चमचा, मला लागते तेवढी,
ढवळलेली.
ओला चमचा माझ्याच खिशात.