रिकामी ओळ

कुरेसारेत रात्री साडेदहालाही उजेड,
हेल्वेच्या पडद्यावर मात्र तोच ढिम्म आकडा: पाचशे.
गायनवृंदाची तिकिटं, शनिवारची.
फॉर्म भरला की सगळं गप्प.

परवानग्या पाहिल्या, सातशे पंचावन्न.
पर्लचा पत्ताही बरोबर.
ताल्लिनहून कंपनीचं नम्र उत्तर:
आमच्याकडून सर्व्हर व्यवस्थित आहे.
खरंच होतं ते. एकाच यंत्रावर चारशे बिऱ्हाडं,
कुणाचं धुरी दिलेल्या माशांचं दुकान,
कुणाचा दातांचा दवाखाना,
सगळ्यांची दारं उघडी. हिचंच तेवढं बंद.

लॉगमध्ये एकच वाक्य, पुन्हा पुन्हा:
हेडर पुरे होण्याआधीच स्क्रिप्ट संपली.

संपली कुठे?
ती तर बोलतच सुटली होती,
मध्ये श्वाससुद्धा न घेता.

मग आठवलं. सोमवारी फाईल आवरताना
आपणच पुसून टाकल्या होत्या मोकळ्या जागा,
कपाटावरची धूळ पुसावी तशा.

हेडरच्या खाली कर्सर नेला, एंटर दाबला.
काहीच नसलेली एक ओळ.

पान उघडलं.
पहिलं तिकीट तिनंच काढलं, नाव: चाचणी चाचणी,
आणि रद्द करायचं राहून गेलं.

शनिवारी भरगच्च देवळात
तिसऱ्या रांगेतली एक खुर्ची
कुणी मागितली नाही.