वीस पावलांवर

सप्टेंबर सरत आला की आर्वो
कोठीतल्या खुंटीवरून धनुष्य उतरवतो
आणि मला म्हणतो, चल, कान घेऊन ये.

चाळीस वर्षं लाकडाच्या गिरणीत
करवतीशेजारी उभा राहिलेला माणूस.
त्याला मी हाक मारते ती हातानं.
दोरी वाजते की नाही,
हे त्यानं दुसऱ्या कुणाला विचारायचं?

आधी टेबलावर वर्तमानपत्र.
त्यावर मेण, बोथट सुरी,
आणि बीव्हरच्या कातड्याची पट्टी,
करंगळीच्या नखाएवढी रुंद, केसांसकट.
गेल्या सालचे झुपके उकलायचे.
एकाला कसर लागलेली,
दुसऱ्यात कुसळं, आणि मधोमध टक्कल.
लोकर लावून पाहिली होती एकदा.
पावसात ती पाणी पिऊन बसली, बाण आळसावला.
पाण्यातल्या जनावराचे केस बरे,
त्यांना पाणी झटकायला शिकवावं लागत नाही.

दोरीचे पदर उकलून त्यात पट्टी सरकवायची,
पीळ देत गुंडाळायची, केस दबू न देता.
त्याची जाडजूड बोटं इथं हळू होतात,
झोपाळू मुलीची वेणी घालावी तशी.
एक झुपका वरून चौथ्या हिश्श्यावर,
दुसरा खालून तिसऱ्या.
सारख्या अंतरावर नकोत, तो म्हणतो,
आवाजाला आयती जागा सापडते.

जुन्या कथांतले वीर टणत्कार करायचे,
शत्रूच्या छातीत धडकी भरायची.
आमच्या रानात शत्रू नाही, हरीण आहे.
बाणाच्या आधी दोरी त्याच्यापाशी पोचते.
ऐकलं की ते लगेच पळत नाही,
उडी घ्यायला आधी खाली दबतं,
आणि बाण पाठीवरून निघून जातो.
किंवा पूर्ण निघून जात नाही.
तसलं एक आम्ही दोन दिवस शोधलं होतं.
त्याबद्दल आम्ही बोलत नाही.

म्हणून मी लाकडाच्या थप्पीपाशी उभी राहते,
वीस पावलांवर, गवताच्या भाऱ्याच्या बाजूला,
हरीण उभं राहील तशी.
तो बाण सोडतो आणि माझ्या तोंडाकडे बघतो.
मी हात आडवा हलवते. काही नाही.

यंदा शेजारी लिनेया होती, नात,
अकरा वर्षांची, हात खिशात.
बाण रुतला. मी हात हलवला.
ती म्हणाली, वाजतेय की.
काय?
डासासारखं. बारीक. थांबलं आता.

पुन्हा सोडायला लावला. पुन्हा.
भाऱ्यातला धप्प आवाज, एक कावळा,
सुपिरिअर सरोवरावरून येणारा वारा.
डास नाही.
किती वर्षं नाही, कोण सांगेल.
किती सप्टेंबर मी हात आडवा हलवला
आणि तो माझ्या शब्दावर रानात गेला.
तो रिकाम्या हातानं यायचा तेव्हा
आम्ही लांडग्यांना दोष दिला, थंडीला दिला.

आर्वो थांबला होता.
वाजतेय, याची आमच्यात खूण होती.
मलाही ऐकू येत नाही, याची नव्हती.
मी माझ्या कानाला हात लावला, मग त्याच्या.
त्याला वेळ लागला.
मग तो हसला, केवढ्यानं,
स्वतःचं हसणं त्याला कळत नाही ना.
थप्पीवरचा कावळा उडाला.

दोरी उतरवली, चढवली, तीनदा.
खालचा झुपका दोन बोटं वर.
अजून अर्धं.
लिनेया डोळे मिटून उभी.
आता?
आहे.
आता?
कितीतरी वेळानं तिनं मान हलवली. नाही.

उद्या ती जाईल, सोमवारी शाळा आहे.
रात्री आर्वोनं दोरीला मेण चोळलं,
आणि झुपक्याच्या अगदी खाली
माझ्या शिवणाच्या डब्यातला लाल दोरा घेऊन
एक गाठ मारली,
जागा हलली तर कळावं म्हणून,
डोळ्यांना.